तब्येत बरी नाही

मिलिंद,

"त्याची तब्येत बरी नाही." हे वाक्य मी तुझ्याबद्दल वीस वर्षं बोलले. ते माझंच होतं, घरात पहिल्यांदा मीच काढलं. आपल्या सुमनच्या लग्नात तू मांडवामागे खुर्च्यांच्या थप्पीला टेकून पडला होतास, आणि मोठे मामा सगळ्यांत विचारत होते की मिलिंद कुठं गेला. मी पुढं होऊन सांगितलं, "त्याची तब्येत बरी नाही मामा, घरी पाठवलं." आईनं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी घराची अब्रू पदरात झेलली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ती नेहमी म्हणायची. त्या दिवसापासून ती मूठ माझ्या हातात आली, आणि मला तिचा अभिमानच वाटत होता. हे आज लिहिताना हात थांबतो, पण तसंच होतं.

पुढं तो शब्द घरचाच होऊन गेला. तुझ्या बायकोचा, सुनीताचा फोन यायचा, "ताई, यायची तब्येत बिघडली." मी विचारायची, "थोडी का जास्त?" थोडी म्हणजे तू बडबडत होतास. जास्त म्हणजे उचलून न्यावं लागणार होतं. रेल्वेच्या कारखान्यात तुझी वॅगन फिटरची एक पाळी बुडाली की तुझ्या साहेबांना मीच फोन करायची. मास्तरीण असल्यामुळं माझ्या आवाजावर लोक विश्वास ठेवतात. चौबे कॉलोनीतल्या माझ्या शेजारणींना वाटायचं की तुला पोटाचा जुनाट आजार आहे. एकीनं तर तुझ्यासाठी बेलफळाचा मुरांबा पाठवला होता. तो तू चाटून पुसून खाल्लास आणि म्हणालास, "ताई, त्या काकूंले सांग, पोटाले आराम पडला."

तुझी निशा पाच वर्षांची असताना मी तिला घेऊन गुढियारीच्या बाजारातून येत होते. दारूच्या भट्टीच्या बाजूला एक माणूस नालीच्या काठाला आडवा पडला होता. ती माझं बोट ओढून म्हणाली, "बुआ, इनकी भी तबियत खराब है?" घरी येऊन मी हे तुला सांगितलं, तेव्हा तू हसलास. मग ताटावर बसलास आणि न जेवताच उठलास. मला वाटलं, नाटक करून राहिला. तुझ्या लाजेला मी नाटक म्हणायची आणि माझ्या लपवाछपवीला माया.

शाळेत दरवर्षी नशामुक्तीची शपथ असते. भाषण माझंच, पोस्टरंही माझ्याच वर्गाची. बाटली, कवटी, पडलेला माणूस. उंटावरून शेळ्या हाकायला मला कोणी शिकवायची गरज नव्हती. एकदा तू मला घ्यायला शाळेत आलास, भिंतीवरची पोस्टरं एकेक करून पाहिलीस, आणि एका चित्रापुढं थांबून म्हणालास, "हा मी हाव. पण ताई, पोट्ट्यायनं याले तोंडच नाही काढलं. हा बोलन कसा?" मी तुला गप्प केलं, कारण पलीकडच्या वर्गातून बाई येत होत्या. तुला तेव्हा काही सांगायचं होतं का? मी विचारलं नाही. वीस वर्षांत मी तुला रागावले, रडले, आईबाबांच्या शपथा घातल्या, दवाखान्याचे पत्ते दिले, पण 'तुला काय होतं रे?' हे एकदाही विचारलं नाही.

विहारातलं मात्र विसरता येत नाही. लहानपणी पौर्णिमेला त्रिशरण-पंचशील म्हणताना सगळ्यांत मोठा आवाज तुझा असायचा. बाबा तुला मुद्दाम पुढं बसवायचे. पुढं तुझं पिणं वाढलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की तू चार शीलं म्हणतोस आणि पाचव्याला तोंड मिटतोस. दारू आणि नशेपासून दूर राहीन, हे ते पाचवं. सगळी माणसं म्हणत असताना तू एकटा गप्प बसलेला. बाहेर आल्यावर मी तुझ्यावर चिडले.

"सगळ्यायसमोर तोंड काहून बंद केलं? लोकांच्या ध्यानात येते ना."

"चार म्हणलो ना ताई. पाचवं खोटं कसं म्हणू? खोटं म्हणलं त चौथंबी मोडते."

चौथं म्हणजे खोटं बोलणार नाही. मी म्हटलं, मोठा आला प्रवचन देणारा, आधी पिणं बंद कर. तू मान खाली घालून चप्पल शोधत राहिलास. मी पाचही शीलं खणखणीत आवाजात म्हणायची, आणि विहारातून घरी येऊन तुझ्या साहेबांना फोन करायची की उद्या त्याला यायला जमणार नाही, तब्येत बरी नाही.

आणि ती खोली. चार वर्षांपूर्वी मी तुला माझ्या घरी वरच्या खोलीत कोंडलं. तीन दिवस पोटात काही गेलं नाही की आपोआप सुटेल, असं मी ठरवून टाकलं होतं. डॉक्टरला विचारायचं म्हणजे सांगावं लागलं असतं, म्हणून विचारलं नाही. पहिल्या दिवशी तुझे हात थरथरत होते, कप धरता येत नव्हता. मी म्हटलं, मन घट्ट कर. दुसऱ्या दिवशी तुला भिंतीवर किडे दिसायला लागले, आणि दुपारी तू झटके येऊन पडलास. जीभ चावली गेली होती. दवाखान्यातल्या त्या डॉक्टर बाईंनी मला जे सुनावलं ते मी कोणालाच सांगितलं नाही. इतक्या वर्षांची दारू अशी एकदम तोडली तर माणूस मरू शकतो, त्याला औषधांच्या आधारानं बाहेर काढावं लागतं, असं त्या म्हणाल्या. ही बीमारी आहे, शुगर-बीपीसारखी, तुम्ही शुगरच्या रोग्याला कोंडून ठेवता का, असंही म्हणाल्या. मी मान हलवली. घरी येऊन शेजारी सांगितलं, मिरगी आली. त्यातल्या त्यात नवा शब्द.

त्यातून तू सावरलास तो माझ्यामुळं नाही. दोन वेळा सुटली, दोन वेळा पुन्हा लागली. तिसऱ्यांदा तू माझ्याकडं आलाच नाहीस. तुझ्याच कारखान्यातले साहूभैया, जे स्वतः पूर्वी पिऊन रुळांवर झोपायचे, त्यांनी तुला दवाखान्यात भरती केलं. तिथून निघाल्यावर रोज संध्याकाळी पुरानी बस्तीतल्या त्या मीटिंगला नेलं. एका जुन्या शाळेची खोली, चटया, लाल चहा, आणि प्रत्येकजण उभा राहून आधी नाव सांगणार, मग काय आहे ते सांगणार. तू मला एकदा नेलंस. तू उभा राहिलास आणि म्हणालास, "मी मिलिंद. मी दारुड्या आहे. आज प्यालो नाही." मी पदर डोक्यावर ओढून घेतला, कोणी ओळखीचं बघेल म्हणून. परत येताना मी म्हटलं, "आता बरा झालास ना, मग दारुड्या कशाले म्हणवून घेतोस?" तू स्कूटर चालवता चालवता म्हणालास, "बरा नाही झालो ताई. आज प्यालो नाही. दोन अलग गोष्टी हायेत."

सोळा महिने. वर्ष झालं तेव्हा त्यांनी तुला एक बिल्ला दिला, पितळेचा, लहान. तो तू शर्टाच्या आतून लावायचास. एका पौर्णिमेला मी तुझ्या शेजारी बसले होते आणि पाचव्या शीलाला तुझा आवाज ऐकू आला. अगदी हळू, घोगरा. मी वळून पाहिलं नाही. मला खूप आनंद झाला होता, मिलिंद. तो तुला सांगायचा राहिला.

त्याऐवजी आपण भांडलो. तुझं म्हणणं होतं की आता तरी तो शब्द सोड. "सांग ना लोकायले, माहा भाऊ दारू प्यायचा, आता पीत नाही. माहं काही जात नाही." मी म्हटलं, लोकांना काय करायचंय, माझ्या रुचीचं लग्न व्हायचं आहे. तू हसलास. "एखाद्या दिवशी मले खरंच ताप आला त कोणी थर्मामीटर नाही आणणार. सगळे येऊन तोंडाचा वास घेतीन." मीही हसले. तुझ्या विनोदांना मी नेहमीच हसायची.

आता त्या रविवारचं. रुचीला बघायला भिलाईहून पाहुणे यायचे होते. पोरीच्या बैठकीत मामा असतो, हे मला तुला सांगायला नको. मी तुला बोलावलंच नाही. सोळा महिने झाले होते, बिल्ला होता, सगळं होतं, आणि तरी मी पाहुण्यांना सांगून ठेवलं होतं की मामा रेल्वेत आहेत, रविवारची ड्यूटी लागली. तुला ठाऊकही नव्हतं. सुनीता आणि निशा राजनांदगावला गेल्या होत्या, तू घरी एकटा होतास.

अकरा वाजून वीस मिनिटांनी तुझा फोन आला. मी पोह्यांच्या ताटल्या भरत होते. तुझी जीभ जड होती. शब्द घसरत होते, मधेच थांबत होते. तो आवाज मला पाठ होता, किंवा मला तसं वाटलं.

"ताई... तब्येत... बरोबर नाही. हात... येतेस का?"

मी स्वयंपाकघरातला नळ सोडला, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. माझ्या मनात एवढंच आलं की आजच, नेमका आजच. सोळा महिने गेले पाण्यात. मी म्हटलं, "मिलिंद, आज नको रे. झोपून घे. उतरली की फोन कर." तू काहीतरी बोललास, ते मला कळलं नाही. मी फोन ठेवला. फोनमध्ये अजून आहे ते: सत्तेचाळीस सेकंद.

बाहेर आले तेव्हा मुलाच्या आईनं विचारलं, "कोणाचा फोन होता?"

"भावाचा. तब्येत बरी नाही त्याची."

वीस वर्षांत पहिल्यांदा मी ते वाक्य खरं बोलले होते, आणि मला ते कळलंही नाही.

चार वाजता साहूभैयांचा फोन आला. तू फोन उचलत नाहीस म्हणून ते घरी गेले होते. दार आतून नुसतं लोटलेलं. तू पलंगाच्या खाली पडला होतास, उजवी बाजू गेलेली, तोंड वाकडं, डोळे उघडे. तू त्यांना ओळखत होतास, असं ते म्हणतात. आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा साहूभैया गाडी लावत होते, आणि डॉक्टरांनी विचारायच्या आधीच मी सांगितलं, "डॉक्टर साहब, ये पीते हैं." तुझ्या वतीनं बोलायची जुनी सवय. पहिल्यांदाच मी ती मूठ आपणहून उघडली होती, तीही चुकीच्या दिवशी. तो तरुण डॉक्टर तुझ्या तोंडाजवळ वाकला, सरळ झाला आणि म्हणाला, "इन्होंने पी नहीं है. ये लकवा है. आख़िरी बार इनसे ठीक से बात कब हुई? टाइम बताइए, इलाज उसी पर है."

मिलिंद, रुचीचे बाबा माझ्या शेजारी उभे होते. मी म्हटलं, "पता नहीं."

फोन माझ्या पर्समध्ये होता. बाहेर काढून दाखवला असता तर अकरा वीस दिसलं असतं. कदाचित तेव्हाही उशीर झालेला होता. कदाचित नव्हता. मी आजवर कोणालाच विचारलेलं नाही, कारण विचारायला आधी वेळ सांगावी लागली असती. मंगळवारी सकाळी तू गेलास.

त्यानंतरचं सांगते, कारण त्यात मी आणखी खाली गेले. दवाखान्याच्या कागदावर माझं वाक्य लिहिलेलं होतं, दारू पिण्याची सवय. सुनीतानं ते वाचलं. साहूभैया तिला हात जोडून सांगत होते की तू थेंबालाही शिवला नव्हतास, "भाभी, एक बूंद नइ छुए रिहिस," पण तिला वाटलं की मीटिंगवाले एकमेकांना झाकतात. कोण कोणाला कसं झाकतं ते तिनं आपल्या घरात वीस वर्षं पाहिलं होतं. लोक येत होते, जयभीम करून बसत होते आणि उठताना म्हणत होते, "शेवटी दारूनंच नेलं." सुनीतानं मला आतल्या खोलीत नेलं आणि विचारलं, "ताई, तुमाले त माहीत असन. त्या दिवशी प्याले होते का?"

मी म्हटलं, "आता ते कशाला काढतेस बाई."

तिनं ते हो समजलं. मला कळत होतं की ती हो समजते आहे. संध्याकाळी तिनं तुझ्या शर्टातला बिल्ला काढून कपाटात कपड्यांच्या खाली टाकला. "हे काय आता समोर ठेवायचं," म्हणाली. निशा तिथंच उभी होती. तुझी सोळा महिन्यांची मेहनत कपाटात गेली आणि मी चहाचे कप विसळत राहिले.

काल रविवारी तुझं पुण्यानुमोदन झालं, तुझ्याच घरी. बाहेरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, पुढं तुझा फोटो, मेणबत्त्या. लोक दारापर्यंत बसले होते. कारखान्यातले आले होते, तुझे मीटिंगवाले आठदहा जण मागच्या भिंतीला टेकून बसले होते, त्यांच्याकडं कोणी फारसं बघत नव्हतं. भंतेजींनी त्रिशरण सांगितलं, मग पंचशील. पहिलं म्हटलं, दुसरं म्हटलं, तिसरं म्हटलं. चौथं आलं, 'मुसावादा', आणि माझं तोंड उघडलं नाही. माझ्या दोन्ही बाजूंना माणसं म्हणत होती. मला तू दिसलास, पुढं बसलेला, पाचव्याला तोंड मिटून घेतलेला, आणि मागं मी, पाचही खणखणीत म्हणणारी. तू एक शील मोडत होतास आणि त्या एकाला गप्प बसत होतास. मी माझं मोडून वर मोठ्यानं म्हणत होते. पाचवं मी म्हटलं. ते तुझ्या वाटचं होतं.

मग नेहमीप्रमाणं कोणीतरी म्हणालं, मॅडम, तुम्ही दोन शब्द बोला. मी पाठ केलं होतं: मनमिळाऊ स्वभाव, हुशार फिटर, हाताला यश. उभी राहिले आणि ते काही आठवलं नाही. मला तुझ्या त्या मीटिंगचं आठवलं, आधी नाव, मग काय आहे ते.

मी म्हटलं, "मी मिलिंदची ताई. मी खोटं बोलते." रुचीच्या बाबांनी माझा पदर हळूच ओढला. मी थांबले नाही. "मिलिंद प्याला नव्हता. सोळा महिने प्याला नव्हता, त्या दिवशीही नाही. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. दारूनं नेलं असं तुम्ही सगळे म्हणून राहिले आणि मी ऐकून घेतलं. त्यानं मला फोन केला होता. तब्येत बरी नाही, येतेस का, असं विचारलं. मला वाटलं प्याला. माझ्या घरी पाहुणे होते. मी त्याले म्हटलं, उतरली की फोन कर."

मी खाली बसणार होते, तेवढ्यात निशा बोलली. तिला मराठी सगळं समजतं, पण ती हिंदीतच बोलते, हे तू तिला चिडवायचास. ती तुझ्या फोटोच्या बाजूला बसली होती, तिथूनच तिनं विचारलं, "कितने बजे, बुआ?"

तोच प्रश्न. डॉक्टरांनी विचारलेला.

"ग्यारह बजकर बीस मिनट," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. माझ्याकडं नाही, आपल्याशीच. ती मनात तास मोजत होती, हे मला दिसत होतं. मी गेले आठ दिवस मोजते आहे, म्हणून दिसलं. मागून साहूभैयांच्या रडण्याचा आवाज आला.

सुनीता उठली, आत गेली. कपाटाचं दार करकरलं. परत आली तेव्हा तिच्या मुठीत काहीतरी होतं. माझ्या अगदी जवळून गेली, तिचा पदर माझ्या गुडघ्याला लागला. तिनं तुझ्या फोटोपुढं वाकून मूठ उघडली आणि बिल्ला ठेवला, पदरानं पुसला, सरळ केला.

माझ्याकडं तिनं पाहिलं नाही, मिलिंद. ते बरोबरच होतं.